भाकरी फिरवतात की उलटतात?

प्रश्न असा आहे: ‘पक्षात भाकरी फिरवली’ असं बातम्यांत सारखं येतं. पण फिरवतात ते चाक आणि भोवरा. तव्यावरची भाकरी तर आपण उलटतो. मग हा वाक्प्रचार चुकीचा रूढ झाला आहे का?

अजिबात नाही. ‘फिरवणे’ म्हणजे फक्त गोल गोल फिरवणे, हे गृहीतच आधी सोडायला हवं. आपण पाठ फिरवतो, तोंड फिरवतो, दिलेला शब्द फिरवतो, वरचं न्यायालय खालच्या न्यायालयाचा निर्णय फिरवतं. यात गरगर काहीच फिरत नाही. एक बाजू जाऊन दुसरी समोर येते, आणि भाकरीचं नेमकं तेच होतं.

शिवाय चुलीपाशी बसून पाहिलं, तर एकाच भाकरीला हे क्रियापद तीनदा लागतं. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर करून तव्यात टाकली, की लगेच ओल्या हाताने तिच्यावर पाणी फिरवायचं. इथे अर्थ ‘सगळीकडे पसरवणे’. हे पाणी सुकत येतं, पण पुरतं सुकलेलं नसतं, वरचा ओला चकाकता रंग नुकता मंदावलेला असतो, तेवढ्यात भाकरी फिरवायची. इथे अर्थ ‘उलटणे’. जरा उशीर झाला की वरच्या बाजूला भेगा पडतात आणि मग ती भाकरी काही केल्या नीट फुगत नाही, कारण वाफ भेगांतून निघून जाते. मी भाकरी शिकत होते तेव्हा आजी मागून एवढंच म्हणायची, ‘फिरव आता.’ ‘उलट’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. दुसरी बाजू भाजताना भाकरी बोटांनी जागच्या जागी थोडी थोडी सरकवायची, कारण चुलीचा जाळ सगळीकडे सारखा नसतो, एका अंगाला जास्त लागतो. शेवटी तवा उतरवून पहिली, कमी भाजलेली बाजू आराकडे, म्हणजे निखाऱ्यांकडे, करून भाकरी उभी धरायची आणि काठाकाठाने शेकायची. हे मात्र खरोखर चाकासारखं फिरवणं. गॅसवर चिमट्याने धरून शेकतानाही हात तसाच फिरतो.

जुनं कोडं तुम्हाला आठवत असेल: भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, ‘न फिरवल्यामुळे’. घोड्याला रपेट हवी, विड्याची पानं खालीवर करायला हवीत, भाकरी उलटायला हवी. एका शब्दात हे तिन्ही अर्थ मावतात, म्हणून तर कोडं जमतं. हिंदीतही ते आहे, तिथलं उत्तर ‘फेरा न था’. ‘उलटणे’ घातलं तर घोडा आडवा होईल आणि कोडं तिथेच संपेल.

राजकारणातला अर्थ या करपण्यातूनच आला आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये शरद पवार भाकरी फिरवण्याबद्दल बोलले आणि तेव्हापासून तो शब्द बातम्यांत फारच वाढला, पण रूपक जुनंच आहे. एकच बाजू फार वेळ विस्तवावर राहिली की जळते, म्हणून माणसं बदलायची.

मला यात सर्वांत आवडतो तो शब्दांमधला भेद. भाकरी ज्याने उलटतात ते उलथणं (कुठे त्याला कालथा म्हणतात, कुठे सराटा) ‘उलथणे’ या क्रियापदावरूनच आलं आहे. स्वयंपाकघरात ‘भाकरी उलथ’ म्हटलं तरी काहीच बिघडत नाही. पण राजकारणात गेल्यावर ‘सत्ता उलथून टाकली’ आणि ‘भाकरी फिरवली’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. उलथवणारा बाहेरचा असतो आणि मांडलेलं सगळं पालथं करतो. भाकरी फिरवणारा घरचाच असतो, चूल तीच, तवा तोच, भाकरीही तीच.

म्हणून तव्यावरच्या भाकरीसाठी उलटणे, परतणे, फिरवणे यांतलं तुमच्या घरी जे असेल ते खुशाल वापरा. पक्षातले पदाधिकारी बदलले असतील, तर मात्र ‘भाकरी फिरवली’ असंच लिहा. ‘भाकरी उलटवली’ वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तवाच येईल.