घरची बिअर, जप्त झालेलं पिंप आणि कलम १०३

पुण्याच्या एका वाचकाने अमेरिकेतून परतताना घरी बिअर बनवायचं साहित्य आणलं आणि बाल्कनीत वीस लिटरचं पिंप लावलं. दोन दिवसांत शेजाऱ्यांची तक्रार गेली, उत्पादन शुल्क खात्याचे लोक आले, पंचनामा करून सगळं घेऊन गेले. पुढे हजर राहण्याची नोटीस दोनदा आली, हे गेले नाहीत. आता विचारतात : विक्री केलेली नाही, पिण्याचा परवाना आहे, दोन दिवसांत बिअर झालीही नव्हती आणि नमुना महिन्याभराने प्रयोगशाळेत गेला, मग सुटेन ना? अशा अर्थाची पत्रं हल्ली वरचेवर येतात.

परवाना दारू विकत घेण्याचा, बाळगण्याचा आणि पिण्याचा आहे, बनवण्याचा नाही. अमेरिकेत चालतं म्हणाल, तर तिथेही केंद्राचा कायदा १९७८ मध्ये बदलल्यावर अलाबामा आणि मिसिसिपीने मोकळीक द्यायला २०१३ उजाडलं. आपल्याकडे दारू हा राज्याचा विषय आहे आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ तुमच्या बाल्कनीलाही लागू आहे. पिंप लावण्याआधी कुणा वकिलाला एक फोन केला असता तर हे टळलं असतं.

तुमचा सगळा भर ‘बिअर झालीच नव्हती’ यावर आहे. नमुन्याचा मुद्दा मलाही पटतो. यीस्ट जिवंत असलेला द्रव सीलबंद बाटलीतही आंबत राहतो, त्यामुळे महिन्याभराने निघालेलं अल्कोहोलचं प्रमाण जप्तीच्या दिवशीचं मानता येत नाही. पण या युक्तिवादाने फार तर बिअर तयार केल्याचा आरोप ढिला होईल. कलम १३ नुसार दारू बनवण्यासाठी साहित्य आणि उपकरणं बाळगणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा कलम ६५ मध्ये आहे.

खटला ठरतो तो कलम १०३ वर. उपकरणं, किंवा दारू बनवण्याच्या दिशेने कोणतीही प्रक्रिया झालेलं साहित्य तुमच्याकडे सापडलं आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तुम्ही गुन्हा केला असं न्यायालय गृहीत धरतं. उलट सिद्ध करायचं ते तुम्ही. नुसतं रिकामं पिंप असतं तर खुलाशाला वाव होता. पण तुम्ही पाठवलेल्या पंचनाम्यात लिहिलंय की झाकणावर एअरलॉक (आंबताना होणारा वायू बाहेर सोडणारी झडप) बुडबुडत होता आणि पिंपावरच्या चिकटपट्टीवर तुमच्या अक्षरात ‘पेल एल, बाटल्या १४ तारखेला’ असं होतं. पेल एल हा बिअरचाच एक प्रकार. यावर ‘व्हिनेगर करत होतो’ म्हणायला जाऊ नका. खोटा खुलासा पकडला गेला की खरे मुद्देही वाया जातात.

सील पंचांसमोर लावलं का, पंच कुठले होते, लेबलवर सही कुणाची, हे तुमच्या वकिलाने बारकाईने पाहावं. तुम्ही अधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब पुराव्यात येईल का, यावर वाद घालता येतो. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या कायद्याखालील उत्पादन शुल्क अधिकाऱ्याला या कामापुरतं पोलीस अधिकारीच मानलं होतं, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. इथे तेच लागू पडेल असं मात्र छातीठोक सांगत नाही. गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येईल, पण तिथे तारखांवर तारखा पडतील आणि या पंचनाम्यावर मला फारशी आशा वाटत नाही.

आधी नोटिशीचं बघा. ती डावलली की अटकेला कारण मिळतं, आणि ते तुम्ही दोनदा दिलंय. उद्याच वकील गाठा, जामिनाची तयारी ठेवा आणि वकिलासोबत हजर व्हा. माळ्यावर उरलेले हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि बुचं लावायचं यंत्र टाकून देऊ का, असंही विचारलंय. अजिबात नको. तपास सुरू असताना पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे. आहे तिथे राहू द्या आणि वकिलाला आधी तेच सांगा.