वीस गुंठे रताळी, शेजाऱ्याला दीडपट माल: फरक कुठे पडतो?

चंदगडच्या एका भावाने विचारलंय: रताळी २० गुंठे, शेजाऱ्याचंही तेवढंच, माती तीच तांबडी. खत आपण जास्त टाकतो, तरी पोती त्याचीच जास्त, असं का? बरीच वर्षं हे पीक करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खताचंच. युरिया जास्त झाला की वेल माजतो. बांधावरून जाणारा म्हणतो, पीक झकास आहे. उकरून बघावं तर बोटाएवढी मुळं. रताळं पोसायला पालाश, म्हणजे पोटॅश लागतं. त्यामुळे तुमचा जादा खर्चच आड येत असेल. १९५७ साली फॅरेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने कार्यक्षमतेचे दोन प्रश्न वेगळे केले: आहे त्या साधनांतून जेवढा निघायला हवा तेवढा माल निघतो का, आणि भाव बघता साधनांचं प्रमाण बरोबर आहे का? तुम्ही दुसऱ्यात चुकताय असं दिसतं, पण मला जास्त शंका पहिल्याची आहे.

म्हणजे लावणीला वापरता त्या वेलाच्या तुकड्यांची. ६० सेंमीच्या सरीवर २० सेंमीला एक तुकडा धरला तर २० गुंठ्यांत साधारण १७,००० तुकडे बसतात. दहातला एक मेला तर १,७०० गेले. मशागत, खत, भांगलण (तण काढणं) २० गुंठ्यांची आणि पीक १८ गुंठ्यांचं! तुटाळी, म्हणजे तुकडे मरून पडलेल्या रिकाम्या जागा, लगेच भरता का? वेल कुठला घेता? मी शेंड्याकडचाच, तीन-चार डोळ्यांचा तुकडा घेतो. कापलेला वेल पानांसकट दोन दिवस सावलीत ठेवून मग लावतो. बुडाकडचा जून वेल लावला की रताळं पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याची अंडीही सोबत येतात.

या भुंग्याने एका वर्षी माझं कंबरडं मोडलं होतं. काढणी पंधरा दिवस लांबवली, भाव चढेल म्हणून. जमिनीला भेगा पडल्या, भुंगा आत शिरला. वरून चांगलं दिसणारं रताळं मोडलं की आत काळपट बोगदे, शिजवलं तर कडू. गुरांपुढेही टाकवेना. तेव्हापासून महिन्याने आणि दोन महिन्यांनी वरंब्याला मातीची भर द्यायची चुकवत नाही. तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर भुंगे पकडणारे) सांगते, तेही लावतो. काढणीनंतर रानात एक बारकं रताळं ठेवत नाही.

आता मजुरी. पहिल्या दीड महिन्यात भांगलण वेळेवर झाली नाही तर पुढचं खत तणच खातं. पण त्याच दिवसांत भातलावणीला सगळ्यांना बायका हव्या असतात. ज्याच्या घरात माणसं आहेत किंवा ज्याचा पैरा (एकमेकांच्या रानात आळीपाळीने काम) पक्का आहे, त्याचं रान वेळेवर निघतं. शेजाऱ्याचं गमक इथेही असू शकतं, नीट बघा. आणि लावण, भांगलण, काढणी घरातल्या बायका करतात, मग वेल कुठला आणायचा हे त्यांनाही विचारा. कुठल्या सरीत वेल मेला, ते त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. शिबिराला मात्र बोलावणं आपल्यालाच येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाजाराचं थोडक्यात: माल नवरात्राच्या उपवासाला हवा, तर लावणीची तारीख तिथून मागे मोजा. पीक चार महिन्यांचं धरा.

यंदा काढणीला विकाऊ, बारीक आणि किडका माल वेगवेगळा तोला, शेजाऱ्याचाही जमला तर बघा, आणि आकडे इथे टाका. तुटाळी किती होती तेही लिहा. मग नेमकं कुठे गळतंय ते बघता येईल.