माळ्याची खोली काढताना घरातच राहायचं का? आमचा अनुभव (लांब आहे)

ताई, तुम्ही विचारलंय की नागपूरच्या महाल भागातलं जुनं कवेलूचं (कौलारू) घर आहे, माळा नुसता अडगळीने भरलाय त्याची खोली काढायची आणि मागच्या अंगणात एक खोली वाढवायची, घरात सासूबाई आणि यंदा दहावीचा मुलगा, तर घरात राहून काम होईल का भाड्याने जावं. मी जुनी शुक्रवारी मोहल्ल्यातली, सेम टू सेम घर, सेम टू सेम हौस, दोन वर्षांपूर्वी करून बसले. त्यामुळे लांब लिहून राहिले, चहा घेऊन बसा.

आधी उत्तर देऊन टाकते. मागची खोली या दिवाळीनंतर बांधायला काढा आणि घरात राहूनच बांधा. माळ्याला यंदा हातच लावू नका, पुढच्या दसऱ्यानंतर पाहा, आणि छप्पर उघडं असेल ते दोन-तीन आठवडे सगळे बाहेर पडा, नातेवाइकाकडे जा नाही तर खोली घ्या. दोन्ही कामं एकदम काढली की स्वस्त पडते असं ठेकेदार सांगेल. स्वस्त त्याला पडते, सेंट्रिंगवाले आणि रेजा (मजूर बाया) एकदाच बोलवाव्या लागतात म्हणून.

आम्ही दोन्ही सोबत काढलं. फेब्रुवारीच्या शेवटी छप्पर उघडलं, म्हटलं पाऊस तर जूनमध्ये, साडेतीन महिने हातात आहेत. जन्म इथे गेला आणि फेब्रुवारी-मार्चची गारपीट विसरलो, काय बोलावं. मिस्त्रीने ताडपत्री बांधून दिली होती पण मधे टेकू नाही की उतार नाही, सपाट चादरीसारखी. रात्री पावणेदोनला वारा सुटला, मग गारा, आणि पाणी साचून साचून ताडपत्रीचं पोट खाली लोंबायला लागलं. नवरा खालून झाडूच्या दांड्याने पाणी ढकलायला गेला तर दांडा आरपार. सासऱ्यांच्या उशाशी धबधबा. त्यांना उठवून मोरीजवळच्या कोरड्या चार फुटांत खुर्चीवर बसवलं, मुलगी डोक्यावर छत्री धरून उभी, आणि बाबा शांतपणे म्हणतात, "कवेलू गळत होते ते बरं होतं, कुठे गळते ते माहीत तरी होतं."

गादी वाळली हो, भिंत नाही वाळली. आपल्या जुन्या घरांच्या भिंती दिसायला दीड फूट जाड पण आत विटांची जुडाई मातीची असते. डोक्यावर छप्पर आहे तोवर शंभर वर्षं उभी राहते, वरून पाणी शिरलं की माती विरघळून विटा सुट्या. आमची वरची दोन फूट भिंत हाताने निघाली, सब्बल (पहार) लागलीच नाही. म्हणून ताडपत्री एकच नाही, दोन घ्या, मधे बल्ली (लाकडी खांब) उभी करून दोन्ही बाजूंना उतार द्या, आणि भिंतीच्या माथ्यावर वेगळं प्लास्टिक अंथरून वर विटा ठेवा. हे ठेकेदार स्वतःहून करत नाही, मागे लागून करून घ्यावं लागते.

याच मातीच्या जुडाईमुळे दुसरी गोष्ट, या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकू देऊ नका, कितीही म्हणो "वहिनी, दीड फुटाची भिंत आहे, हत्ती उभा करा". आधी स्ट्रक्चरल इंजिनियर आणा, मिस्त्रीचा भाचा नाही, खरा. आमच्याकडे त्याने दोन ठिकाणी भिंत खरवडून पाहिली आणि दहा मिनिटांत स्लॅब कॅन्सल केला. मग आतल्या बाजूने नवीन पाया घेऊन लोखंडी खांब उभे केले, त्यावर गर्डर, माळ्याचं सगळं वजन खांबांवर, जुनी भिंत फक्त स्वतःपुरती. वरच्या भिंतींना एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेले सिमेंटचे ठोकळे, ते विटेच्या निम्म्याहूनही हलके असतात. लोखंडाचं आणखी एक बरं की कटिंग-वेल्डिंग बरंचसं वर्कशॉपमध्ये होऊन येते, घरात फक्त जोडणी, म्हणजे छप्पर उघडं राहायचे दिवस कमी. सगळं लोखंड तयार होऊन अंगणात येऊन पडल्याशिवाय एकही कवेलू उतरवू देऊ नका, ही एक गोष्ट ऐका.

मागची खोली. तुमच्याकडे खाली काळी माती किती आहे ते खड्डा खणून पाहा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया तिच्या खाली मुरमापर्यंत गेला पाहिजे. आमचा पाया बरोबर गेला पण नवीन भिंत जुन्या भिंतीला दाताने जोडली, म्हणजे विटा एकमेकांत अडकवून. नवीन बांधकाम पहिली एक-दोन वर्षं थोडं बसते, जुनं तर केव्हाच बसलेलं. आता जोडावर वरपासून खालपर्यंत तडा आहे, मे महिन्यात पाच रुपयाचं नाणं उभं शिरते, ऑगस्टमध्ये शिरत नाही. मुलं दर वर्षी नाणं घालून पाहतात, त्यांना गंमत. तुम्ही दोन्ही भिंतींमध्ये सरळ फट ठेवा, थर्माकोल घाला, वरून पट्टी मारा, विषय संपला.

परवानगीचं, घरातल्या घरात आहे कोण पाहते असं म्हणू नका. माळा सामानासाठी असेल तोवर गोष्ट वेगळी, राहायची खोली म्हटली की एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालते त्याचा हिशोब) मोजतात आणि उंचीही लागते, २.७५ मीटर, उतरत्या छपराला सरासरी तेवढी. आमचा माळा कडेला साडेचार फूट होता, म्हणजे छप्पर उचलणं आलंच. नकाशा आर्किटेक्टकडूनच टाका. आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर तिच्यावर गर्डर ठेवायचा नाही, काही करायचंच असेल तर कागदावर लिहून घ्या, तोंडी "हो हो करा" म्हणणारे लोक ड्रिल सुरू झाली की बदलतात. रेती-गिट्टी गल्लीत टाकू नका, मनपाचं उपद्रव शोध पथक पावती फाडते.

आता राहायचं कसं. तीन आठवडे सोडून बाकी दिवस निघतात, पण स्वयंपाकघर पहिल्या दिवशीच हलवा. मी पंधरा दिवस हट्टाने तिथेच केलं, सांबार (कोथिंबीर) धुवून चिरेपर्यंत त्यावर सिमेंटची साय. मग एक शेगडी, एक कुकर, सहा ताटं, मिसळणाचा डबा एवढंच घेऊन पुढच्या खोलीत गेले, बाकी भांडी पोत्यात बांधून वर तारीख लिहून ठेवली. धूळ पडदा लावून थांबत नाही, दाराला ठोकायचं मधे चेन असलेलं प्लास्टिक मिळते ते लावा. पाण्याची वेळ सांभाळा, आमच्याकडे नळ सकाळी आणि तराईलाही (नव्या बांधकामावर पाणी मारायला) तेच पाणी लागणार. मी जुनी दोनशे लिटरची दोन ड्रम फक्त कामासाठी ठेवली. तराई मिस्त्रीवर सोडू नका, सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन स्वतः उभं राहा, उन्हाळ्यात दहा-चौदा दिवस तरी. आमच्या मागच्या ओट्याला रविवारी कोणी पाणी मारलं नाही, त्यावर केसांसारख्या भेगा अजून आहेत.

जिना कोणी मोजत नाही. आता तुमच्याकडे भिंतीतला लाकडी उभा जिना असेल, सासूबाई त्यावर चढणार नाहीत. दहा फूट चढायला सात इंचाच्या सतरा पायऱ्या लागतात, पायरी दहा इंच रुंद धरली तर सरळ जिना तेरा फुटांच्या वर जातो. आमची मधली खोली त्यानेच खाल्ली. आधी फरशीवर खडूने आखून पाहा आणि मग ठरवा वरची खोली पाहिजे का.

आणि ऊन. कवेलूच्या खाली मे महिना निघतो, पत्र्याखाली नाही. आम्ही पन्नास एमएमचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) टाकलं, महाग आहे पण कामाचं आहे. कुलरची जागा नकाशातच ठरवा, खिडकी, स्टँड, पाण्याची लाइन, सांडलेलं पाणी जायला पाइप. आमच्या आर्किटेक्टने सुंदर गोल खिडकी दिली होती. गोल खिडकीला कुलर कसा लावतात ते त्यालाच विचारलं, तो हसला, मी नाही हसले, चौकोनी करून घेतली.

पैशाचं थोडक्यात, साडेसात लाख म्हणाले होते, अकरा झाले. यात जोडणीच्या चुका आमच्या, पण मलबा कोणी धरलाच नव्हता, गल्लीत ट्रॅक्टर येत नाही, घमेल्याने गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावा लागला. उलट जुन्या सागवानाचे पैसे आमच्या हातून गेले असते. ठेकेदार म्हणाला छप्पर फुकट उतरवून देतो, फक्त लाकूड माझं. बाबा म्हणाले थांब. त्या वाशांचे दोन पलंग आणि वरच्या खोलीचं दार झालं, तरी आठ वासे शिल्लक आहेत.

मागची भिंत सामाईक आहे का आणि अंगणात विहीर-बोअर काही आहे का ते लिहा, त्यावर पाया ठरेल. मी रात्री उत्तर देते, दिवसा दुकानात असते.