राजू म्हणाला की मी चुकलो: डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच शिकवताना

तुमचा प्रश्न असा आहे की, आठवीच्या मुलांना डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचचा (म्हणजे दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं किंवा निरोपासारखं सांगण्याचा) तक्ता तोंडपाठ आहे, 'विल'चं 'वुड', 'टुडे'चं 'दॅट डे' सगळं घडाघडा म्हणून दाखवतात, पण वाक्य समोर आलं की चुकतात. मग शिकवायचं कसं? मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. सुरुवातीला मीही तक्त्यापासूनच शिकवायचे आणि माझ्या मुलांचंही अगदी हेच व्हायचं.

आता मी तक्ता सगळ्यात शेवटी काढते. पहिला तास चक्क मराठीचा घेते. चूक इंग्रजीच्या वहीत दिसत असली, तरी तिचं मूळ आपल्या मराठी बोलण्यात आहे.

फळ्यावर एक वाक्य लिहा: 'राजू म्हणाला की मी चुकलो.' चुकलं कोण, असं विचारा. अख्खा वर्ग सांगेल, राजू. मग त्याखाली तेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत लिहा: 'राजू सेड दॅट आय वॉज राँग.' आता चुकलं कोण? इथे चूक सांगणाऱ्याच्या गळ्यात पडते. मराठीत 'की' आला तरी पुढचं बोलणं राजूच्याच तोंडचं राहतं. इंग्रजीत 'दॅट' आला की पुढचं सगळं निरोप सांगणाऱ्याच्या बाजूने बोललं जातं. मुलांना हा फरक दिसला की निम्मं काम झालं.

काळाचंही तसंच. 'ती म्हणाली की मला बरं वाटत नाही.' ती हे गेल्या महिन्यात म्हणाली असली, तरी आपण 'वाटत नाही'च म्हणतो. 'येतो म्हणाला', 'देते म्हणाली' हे आपण दिवसभर बोलतो आणि त्यात काळ जराही हलत नाही. इंग्रजीत मात्र 'शी सेड दॅट शी वॉज नॉट फीलिंग वेल' होतं. म्हणजे 'शी सेड दॅट आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल' लिहिणारं मूल निष्काळजी नसतं, ते मनातल्या मनात शुद्ध मराठी बोलत असतं. हे मी मुलांना स्पष्ट सांगते. आपण का चुकतो हे कळलं की त्यांची धास्ती कमी होते.

थोडं विषयांतर करते. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारी आणि कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधी बोलणं कुठे संपलं हे 'असे म्हणाला', 'म्हणून' यांसारख्या शब्दांवरूनच कळायचं, आणि बोलताना आजही तसंच कळतं. त्यामुळे मुलांना अवतरणचिन्हं निव्वळ शोभेची वाटतात, त्यांच्याकडे लक्षच जात नाही. म्हणून वाक्य बदलण्याआधी अवतरणातला मजकूर पेन्सिलीने घेरायला लावा.

दुसऱ्या तासाला वह्या बंद. तीन मुलं उठवायची. पहिली मुलगी दुसरीला सांगते, 'आय विल गिव्ह यू माय नोटबुक टुमॉरो.' तिसरा मुलगा दाराबाहेर उभा असतो, त्याने काहीच ऐकलेलं नसतं. दुसरीने त्याच्याकडे जाऊन निरोप सांगायचा. माझ्या वर्गात एक मुलगी 'शी सेड दॅट शी वुड गिव्ह' इथवर आली आणि 'यू'पाशी अडली. तक्त्यातलं आठवायला वर छताकडे बघू लागली. मी एवढंच विचारलं, 'वही कोणाला मिळणार?' तिने हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, 'मी!' ते मराठीतलं 'मी' होतं की इंग्रजीतलं, कोण जाणे, पण उत्तर बरोबर होतं. मग वाक्य सरळ झालं: 'शी सेड दॅट शी वुड गिव्ह मी हर नोटबुक द नेक्स्ट डे.'

त्यानंतर बाकावर बसून हे सगळं ऐकणाऱ्या मुलाला तोच निरोप सांगायला लावा. त्याच्या तोंडी 'यू'चं 'हर' होतं, कारण वही दुसऱ्या मुलीला मिळणार आहे. एकाच 'यू'चं एकदा 'मी', एकदा 'हर'. हे कुठलाही तक्ता सांगू शकत नाही. कोण बोललं, कोणाला बोललं आणि आता कोण सांगतंय, हे डोळ्यांसमोर असावं लागतं. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: आधी सर्वनामं, मग काळ, मग 'हियर', 'नाऊ', 'टुमॉरो' वगैरे. 'टुमॉरो'बद्दल मुलांना खरं ते सांगा. निरोप त्याच दिवशी दिला तर 'टुमॉरो' तसंच ठेवतात. परीक्षेत निरोप कधी दिला हे माहीत नसतं, तिथे 'द नेक्स्ट डे' लिहायचं.

काळाचे अपवाद एका बैठकीत होतात. 'सेड'ऐवजी 'सेज' असेल तर काळ बदलत नाही. 'सूर्य पूर्वेला उगवतो' अशी कायमची सत्यं तशीच ठेवता येतात. 'इंडिया बिकेम इंडिपेंडंट इन 1947' अशा साल दिलेल्या ऐतिहासिक वाक्यात 'हॅड बिकम' करायची गरज नसते. 'कुड', 'शुड', 'माइट' सहसा जागेवरच राहतात.

प्रश्नार्थक वाक्यांना मात्र भरपूर वेळ द्या. 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह' हे वाक्य तुम्ही तपासलं असेलच. यातलं 'दॅट' आलं कुठून? 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस' यातल्या 'की'मधून. पुन्हा तोच 'की'! मी मुलांना एक खूण देते. मराठीत प्रश्नाच्या शेवटी हो-नाहीवाला 'का' येत असेल, जसं 'येणार का', 'जेवलास का', तर तिथे 'इफ' किंवा 'व्हेदर'. 'कुठे', 'कधी', 'कोण' असेल तर तोच प्रश्नशब्द जोडणीचं काम करतो, 'दॅट' लागत नाही. पुढे शब्दांचा क्रम साध्या विधानासारखा: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.' 'डू' गेलं, प्रश्नचिन्हही गेलं.

'सेड' आणि 'टोल्ड'चा गोंधळही मराठीतूनच येतो. 'त्याने सांगितलं की' असं आपण ऐकणाऱ्याचं नाव न घेता सहज म्हणतो, म्हणून मुलं 'ही टोल्ड दॅट' लिहितात. 'टोल्ड'ला ऐकणारा लागतोच, 'ही टोल्ड मी दॅट'. आणि 'सेड मी' कधीच होत नाही.

आज्ञार्थी वाक्यांत मराठी उलट मदतीला येते, आणि याचा उपयोग फार कमी जण करतात. 'बाईंनी मला बसायला सांगितलं' यातलं 'बसायला' म्हणजेच 'टू सिट'. 'द टीचर टोल्ड मी टू सिट.' रचना जवळजवळ तीच! मुलांना हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. नकारात फक्त 'टू डोन्ट' होऊ देऊ नका, 'नॉट टू' घोकून घ्या. उद्गारार्थी वाक्यांवर मी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवत नाही. 'एक्स्क्लेम्ड विथ जॉय' असं बोलताना कोणी म्हणत नाही, ते पेपरपुरतं येऊ द्या.

सरावाला सुटी सुटी वीस वाक्यं देण्यापेक्षा दोघांचा सहा ओळींचा संवाद द्या आणि तो घडलेल्या प्रसंगासारखा लिहून आणायला सांगा. उलटा प्रवासही करून घ्या. 'मीरा टोल्ड अनिल दॅट शी हॅड लॉस्ट हिज पेन' याचं डायरेक्ट काय होईल? कोणी 'आय हॅव लॉस्ट युवर पेन' लिहील, कोणी 'आय लॉस्ट युवर पेन'. दोन्ही बरोबर धरा, कारण 'हॅड लॉस्ट' दोन्हींतून येतं. ज्याला 'हिज'चं 'युवर' जमलं, त्याला विषय कळला असं मी समजते.

दोन आठवडे हे झालं की मग तक्ता. तोही तुम्ही लिहून देऊ नका. मुलांना त्यांच्याच वहीतली वाक्यं चाळून काय कशाचं झालं ते दोन रकान्यांत लिहायला सांगा, आणि 'यू'समोरच्या रकान्यात कोण काय लिहितं ते तेवढं बघा.