पहिल्या दोन तासिका कुणाला देऊ नकोस

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोनवर बोलली असतीस तर मी धीराचे चार शब्द बोलून मोकळी झाले असते. तू चार पानं लिहून काढलीस म्हणून मलाही दोन दिवस नीट विचार करता आला. त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "बाई, दिवसभर नुसती पळते, आणि रात्री पडल्यावर आज पोरांना काय शिकवलं तेच आठवत नाही." लिंका, ग्रुपवरचे निरोप, साहेबांची शाळाभेट, पारावरची बोलणी, सगळ्याबद्दल लिहिते. पण आधी हे वाक्य, कारण खरं दुखणं तिथे आहे.

मी 32 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. कामाचा रगाडा तेव्हाही होता, आता तर फारच वाढलाय. त्यात जी माणसं खचताना पाहिली, ती बहुतेक एका टोचणीने खचली: पोरांचं राहून जातंय. कागद अपुरा राहिला तर बोलणी बसतात आणि चार दिवसांनी विसरतात. तिसरीतली पोर जोडाक्षराला अडते आणि आपल्याला तिच्या शेजारी पाच मिनिटं बसता आलं नाही, हे मात्र आपल्याबरोबर घरी येतं, ताटावर बसतं, रात्री दोनला जागं करतं.

म्हणून मी हट्टाने सांगते. परिपाठ झाला की पुढच्या दोन तासिका कुणाला देऊ नकोस. हजेरी घेतानाच ऑनलाइन हजेरी टाक, पोषण आहार शिजवणाऱ्या मदतनीस मावशींना आज किती पोरं हजर ते सांग, तांदूळ मोजून दे, मोबाइल कपाटात ठेव आणि कपाट लाव. मग 70-80 मिनिटं फक्त वाचन आणि गणित. नंतरचा दिवस कसाही फाटला तरी तेवढं पदरात पडलेलं असतं, आणि रात्री आठवायला काहीतरी असतं.

हे मी ठेच खाऊन शिकले. 2015 साली 'सरल' ही सरकारी ऑनलाइन प्रणाली आली तेव्हाची गोष्ट. प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायची होती. दिवसा सर्व्हर चालायचा नाही, म्हणून आम्ही रात्री तालुक्याच्या गावी जाऊन भरायचो. सकाळी डोळे चुरचुरायचे. वर्गात मी खुर्चीवर बसून पाढे म्हणून घ्यायची आणि मांडीवर याद्या जुळवायची. तीन आठवडे असे गेले. आमच्या शाळेची माहिती शंभर टक्के भरून झाली, आणि त्याच आठवड्यात एक अधिकारी शाळाभेटीला आले. त्यांनी तिसरीतल्या मुलीला फळ्यावर 52 वजा 27 करायला सांगितलं. तिने 35 लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. साहेबांनी सगळ्या वर्गासमोर मला विचारलं, "पगार कशाचा घेता?" शेरेबुकात लिहिलं, वजाबाकीची तयारी असमाधानकारक. 'सरल'चं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

आठ दिवस मी त्या साहेबांवर मनातल्या मनात धुमसत होते. मुलांसमोर बोलायला नको होतं, हे मला आजही वाटतं. पण शेरा खरा होता, आणि मला झोंबलं होतं ते तेच. हे दोन धागे सुटे करता आले तेव्हा कुठे मला शांत झोप लागली. तुझ्या साहेबांनी परवा जे म्हटलं, त्याचेही असे दोन भाग कर. आवाज, चिडचिड, घाई हे त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. त्यात पोरांबद्दल खरं काही असेल तर तेवढं वहीत लिहून घे.

नवव्या दिवशी मी खराट्याच्या काड्या तोडून आणल्या. दहा-दहाचे गठ्ठे बांधले, रबर लावून. त्या मुलीला जवळ घेऊन बसले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. तिने दोन गठ्ठे लगेच दिले. सुट्या दोनही दिल्या. मग हात थांबला. एक गठ्ठा उचलला, रबराखाली नख घातलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, हा सोडला तर दहाच राहतील ना?" मी काही बोलले नाही. तिने रबर काढलं, काड्या जमिनीवर पसरल्या, मोजल्या. दहा भरल्या. पुन्हा मोजल्या. मग त्यातल्या पाच मला दिल्या, राहिलेल्या पाच दोन गठ्ठ्यांशेजारी ठेवल्या आणि स्वतःच म्हणाली, पंचवीस. एका मुलीला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं मला तीन आठवड्यांत सापडली नव्हती.

आता बाकीचं.

ग्रुपवर येणारं प्रत्येक 'तात्काळ' तात्काळ नसतं. खरंच अडलेलं असेल तर केंद्रप्रमुख, म्हणजे आपल्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, फोन करतातच, मधल्या सुट्टीत बघितलं तरी चालतं. निरोप दिवसातून दोनदा बघायचे, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर, असं ठरव आणि केंद्रप्रमुखांना आधीच नम्रपणे सांगून ठेव. तोंडी आदेश आला तर "साहेब, तेवढं मेसेजवर टाकाल का, म्हणजे चूक व्हायला नको" म्हणायचं. यात उद्धटपणा काही नाही. आणि एकच माहिती चौथ्यांदा मागितली तर चिडू नकोस. पट, जातवार संख्या, आधार झालेले-न झालेले, वर्गखोल्या, शौचालयं, यांचा एक ताव भरून भिंतीवर लाव आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला दुरुस्त कर. निम्मी पत्रकं त्या तावावरूनच निघतात.

तुमची शाळा दोन शिक्षकांची. एक जण ऑनलाइनला बसला की दोन वर्ग पोरके होतात. तुझ्या सरांशी मोकळेपणी बोल. पोषण आहार एकाकडे, यूडायस, म्हणजे शाळेची सरकारला द्यायची ऑनलाइन माहिती, आणि शालेय अभिलेख दुसऱ्याकडे, आणि जूनला अदलाबदल, म्हणजे कुणाच्या रजेने शाळा अडत नाही. ते वयाने मोठे आहेत, मोबाइलला बिचकतात, म्हणून सगळं तुझ्या गळ्यात येतंय असं तू लिहिलंस. मग बदल्यात त्यांच्याकडून काहीतरी माग. त्यांना बालगीतं छान येतात म्हणतेस ना? पहिली-दुसरीचे वर्ग दुपारी एक तासिका त्यांच्याकडे जाऊ देत, तेवढ्यात तुझी पत्रकं होतील.

तांदळाचं मात्र कुणावर सोडू नकोस. पहिली ते चौथीला डोई 100 ग्रॅम. 41 पोरं हजर असली तर 4 किलो 100 ग्रॅम. रोज मावशींसमोर मोजायचे, रोजच नोंदवहीत लिहायचे, आठवड्याचं एकदम कधीच नाही. पोती उतरताना काट्यावर मोजल्याशिवाय पावतीवर सही करू नकोस, गाडीवाला कितीही घाई करू दे. मला एकदा अडीच किलोच्या तुटीचा खुलासा द्यावा लागला होता. पोतं मुळातच कमी भरलं होतं आणि मी बिनमोजता सही केली होती. महिनाभर माझ्या प्रामाणिकपणाची चर्चा झाली. खुलासा मागितला तर दोन दिवसांत, अर्ध्या पानात द्यायचा: तारीख, काय झालं, काय पुरावा आहे. रडगाणं नको, दुसऱ्याचं नाव नको. जावक क्रमांक टाकून एक प्रत आपल्या फायलीत.

मतदार यादीच्या कामाचा आदेश आल्याने तू फार अस्वस्थ झाली आहेस. थोडं माहीत असू दे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना तीनच प्रकारच्या बिगरशैक्षणिक कामांना लावता येतं: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीचं काम. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की यादीचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं. 2024 साली राज्य शासनानेही शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची विभागणी करून दिली. पण तू अजून शिक्षणसेवक आहेस, पहिली तीन वर्षं मानधनावर. एकटीने कायद्याचं कलम घेऊन भांडायला उभी राहू नकोस. अर्ज संघटनेमार्फत जाऊ दे, आणि तोवर काम शनिवारी दुपारी नि रविवारी कर. शाळेच्या वेळेत जावंच लागलं तर हालचाल रजिस्टरला नोंद केल्याशिवाय उंबरठा ओलांडू नकोस. पुढे कुणी "तेव्हा वर्गात बाई नव्हत्या" म्हटलं तर तीच नोंद तुझ्या बाजूने बोलेल.

त्याच शिक्षण हक्क कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी शिक्षकांना ठाऊक असते. आठवड्याचे किमान 45 तास सांगितलेत, ते तयारीचे तास धरून. म्हणजे पाठाचं टाचण काढणं, साहित्य बनवणं हे कामच आहे. संध्याकाळी दारात बसून चित्रकार्डं कापताना "माझं काही काम होत नाही" असं मनात आणू नकोस.

गावाचं बोलणं. "पोरगी शिकवायला आली का मोबाइल खेळायला" हे ऐकून तू रडलीस. त्यांना दिसतो तो मोबाइल, त्यात काय भरतेस ते दिसत नाही. तुला 16,000 मानधन मिळतं, त्यात खोलीचं भाडं आणि गाडीचं पेट्रोल भागवतेस, हेही त्यांना माहीत नाही. 2023 आधीच्या पोरांनी तर 6,000 मध्ये काढलं. हे पारावर जाऊन सांगण्यात अर्थ नाही. आयांना शाळेत बोलाव. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, पण पुष्कळदा सभा न घेताच तिचं इतिवृत्त घरोघरी सह्यांना फिरतं. तू तसं करू नकोस. लावणी आटोपली की एका दुपारी बोलाव, प्रत्येकीच्या हातात तिच्या पोराची वही दे आणि पोराला तिच्यासमोर एक उतारा वाचू दे. भाषण नको. दोनदा असं झालं की तुझ्या बाजूने बोलायला गावात दहा तोंडं तयार होतात.

आता एक विषय, जो आपण बायका लिहीत नाही, मी लिहिते. तू दिवसभर पाणी पीत नाहीस. मला माहीत आहे, कारण मीही पीत नव्हते. शाळेच्या शौचालयाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. मला त्याने तीनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, तिसऱ्या वेळी तापाने दवाखान्यात होते. कडीला शंभर रुपये लागतात. शाळेच्या अनुदानातून होईल, सरांना सांगायला लाजू नकोस. पोरींनाही ती कडी हवी आहे. आणि घसा जप. दोन वर्ग एका खोलीत असले की आवाज चढतो. टाळी, घंटी, हाताची खूण वापर. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितली तर ती घे.

माझ्याबरोबर एक शिक्षक होते. गणित असं शिकवायचे की आम्ही दारात उभे राहून ऐकायचो. एका वर्षी त्यांचा डबा भरलेलाच परत जायला लागला. रविवारी दुपारपासून पोटात दुखायचं. ते हसून बोलायचे, म्हणून आम्ही कुणी विचारलं नाही. पुढे ते दोन महिने रजेवर होते, मग औषधोपचाराने बरे होऊन परत आले आणि मला म्हणाले, "कुणीतरी विचारायला पाहिजे होतं." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून मी तुला विचारते आहे. डबा संपतो का? झोप लागते का? रविवारी संध्याकाळी छातीत धडधडतं का? 'हो, धडधडतं' असं उत्तर दोन-तीन आठवडे येत राहिलं तर मला फोन कर, आणि डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे शिक्षकांनी वापरायचं नसतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

नोकरी सोडावी का, असं तू शेवटच्या पानावर खोडून पुन्हा लिहिलंस. मी नको म्हणणार नाही आणि सोड असंही म्हणणार नाही. दिवाळीपर्यंत त्या दोन तासिका सांभाळून बघ. मग सुट्टीत घरी ये, दोघी अंगणात बसून बोलू.

खराट्याच्या काड्यांचे वीस गठ्ठे बांधून ठेवलेत, रबरासकट. गुरुवारच्या मुक्कामी एसटीने पाठवते, वाहकांना सांगितलंय, फाट्यावर उतरवून घे. आणि मजुरीला नारायणगावच्या बाजूला गेलेल्या आईबापाची ती दुसरीतली मुलगी परत आली का, ते कळव.

तुझी,
बाई