मेरी, मॅक्स आणि तारेचा सांगाडा : वाचकांचे प्रश्न

ॲडम एलियट यांच्या 'मेरी अँड मॅक्स' (२००९) या ऑस्ट्रेलियन क्ले ॲनिमेशनपटावरचा (मातीसारख्या क्लेच्या बाहुल्या जराजरा हलवत, दर वेळी फोटो काढून केलेला चित्रपट) लेख वाचून बरेच प्रश्न आले. मेलबर्नच्या माउंट वेव्हर्लीत राहणारी आठ वर्षांची मेरी. तिला मैत्रिणी नाहीत. टपाल कचेरीतल्या न्यूयॉर्कच्या टेलिफोन डिरेक्टरीतून ती एक नाव उचलते आणि पत्र टाकते. ते पोहोचतं चव्वेचाळीस वर्षांच्या, माणसांना बिचकणाऱ्या मॅक्सकडे. चित्रपट एवढ्यावरच उभा आहे. आता प्रश्नांकडे.

आम्ही आठवीतली मुलं अशीच छोटी फिल्म करतोय. शाडूच्या बाहुलीला दुसऱ्या दिवशी तडे गेले. दुसरी बाहुली उभीच राहत नाही. काय चुकतंय? (कराड)

शाडू पाण्यावर मळलेली असते, त्यामुळे ती वाळणार आणि तडकणारच. या कामाला न वाळणारी तेलकट क्ले लागते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं प्लॅस्टिसिन चालेल. पण नुसती क्ले उभी राहत नाही, आत सांगाडा हवा.

१८ सेंटिमीटरच्या बाहुलीसाठी दीड मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार दुहेरी करून पिळा. पीळ सैलसरच ठेवा, फार आवळला तर तार लवकर तुटते. तांब्याची तार घेऊ नका. दोन-चार वेळा वाकवली की ती कडक होते आणि हव्या त्या जागी थांबत नाही. जिथे हाड असतं तिथे (मांडी, नडगी, दंड, छाती) एम-सील (मळून लावायचा, वाळून कडक होणारा लांबी) लावा आणि सांध्याला सेंटिमीटरभर तार उघडी सोडा. म्हणजे हात कोपरातच वाकतो, भलतीकडे नाही.

डोकं भरीव क्लेचं केलं की मान झुकते आणि बाहुली तोंडावर पडते. चांदीच्या कागदाचा घट्ट गोळा करून त्यावर तीन-चार मिलिमीटरच क्ले चढवा. तळपायात एम-सीलनं एक नट बसवा. सेटच्या प्लायवुडला भोक पाडून खालून बोल्ट आवळला की बाहुली एका पायावरही उभी राहते. चालवायची असेल तर प्रत्येक पावलाला एक भोक लागेल. ती भोकं त्याच रंगाच्या क्लेनं बुजवत जा.

तार सगळ्यात आधी घोट्यात आणि मनगटात तुटते, म्हणून हातांची एक जादा जोडी आधीच करून ठेवा. फिकट क्ले हाताळण्यापूर्वी हात ओल्या टिश्यूनं पुसा, नाहीतर गोऱ्या गालावर काळा अंगठा उमटतो. लोकरी स्वेटर घालूनही कामाला बसू नये, त्याचे तंतू क्लेला चिकटतात.

एका मिनिटाला किती फोटो? (नाशिक)

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (म्हणजे फोटोंनी) चालतो. 'मेरी अँड मॅक्स' ९२ मिनिटांचा आहे, म्हणजे १,३२,४८० चौकटी. तुम्ही सेकंदाला १२ धरा: मिनिटाला ७२०. तासाला ४० फोटो झाले तर मिनिटभराला १८ तास लागतील. म्हणून पहिली फिल्म ४० सेकंदांपेक्षा मोठी नको.

फोटो जोडल्यावर चित्र लुकलुकतं. (ठाणे)

फोन दर फोटोला उजेड नव्यानं मोजतो. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. शटर (फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवलं की प्रत्येक फोटोत सारखाच उजेड येतो. खिडकीला जाड चादर लावा, ढग सरकला तरी ते चित्रात दिसतं. एवढं करूनही लुकलुक राहिली तर दोष बहुधा तुमच्या पांढऱ्या शर्टाचा. त्यावरून उजेड सेटवर उसळतो. काळा शर्ट घाला आणि प्रत्येक फोटोच्या वेळी त्याच जागी उभे राहा. हॅलोजन मात्र टाळा, त्याच्या उष्णतेनं क्ले मऊ पडून नाक घसरतं. एलईडी बरे.

ओठ बोलण्याशी जुळतच नाहीत. (पणजी)

आवाज आधी रेकॉर्ड करा, ओठ नंतर. सात तोंडं वेगळी बनवून ठेवा: आ, ई, ए, ऊ-ओ, मिटलेलं (प, ब, म), दात ओठाला टेकलेलं (व) आणि स्वस्थ. 'फ' कोण कसा उच्चारतं ते आधी ऐका, काहींचा 'प'च्या घरचा असतो, काहींचा 'व'च्या. तोंड दर दोन फोटोंनी बदला, त्याहून घाई केली तर ते चावल्यासारखं दिसतं.

पण खरी युक्ती याच चित्रपटात आहे. त्याचा मोठा भाग निवेदन आणि पत्रवाचन. पत्र ऐकू येतं तेव्हा पात्र टाइप करतं, खातं, खिडकीबाहेर बघतं, ओठ हलवावेच लागत नाहीत. शिवाय दोघं दोन खंडांत, म्हणजे एका वेळी एकच बाहुली सांभाळायची. मेरीचं जग तपकिरी, मॅक्सचं करडं, त्यामुळे कोणाच्या घरात आहोत हे सांगावं लागत नाही. मधूनच एखादी लाल वस्तू, जसा मॅक्सच्या टोपीवरचा गोंडा. एकाकीपणा दाखवायला याहून स्वस्त आणि नेमका मार्ग आम्हाला माहीत नाही. तुमच्याही दोन पात्रांना पत्रं लिहू द्या.

नायिका आठ वर्षांची, मग आमच्या आठ वर्षांच्या मुलाला दाखवावा का? (इंदूर)

नको. आईचं दारूचं व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, मृत्यू हे सगळं त्यात आहे. तेरा-चौदानंतर, आणि शेजारी बसून.

बाहुलीच्या डोळ्यांत पाणी कसं आणायचं? साधं पाणी ओघळून जातं. (सातारा)

ग्लिसरीन. टाचणीच्या टोकानं एक थेंब पापणीखाली ठेवा आणि दर फोटोला टाचणीनंच मिलिमीटरभर खाली ओढा. ते सुकत नाही, त्यामुळे मध्येच चहाला उठलात तरी अश्रू जागेवर राहतो.