कोकणातलं जुनं घर घेताय? आधी एवढं बघा

पहिलं घर हातचं गेलं तरी खचू नका. आमचंही दोनदा ठरून मोडलं. एकदा तर मालकाच्या मुंबईतल्या चुलत भावाने ऐनवेळी सही नाकारली. म्हणून घराच्या प्रेमात पडण्याआधी सातबारा बघा. त्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती हातात येईपर्यंत इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊ नका. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे, नवखे इथेच फसतात. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, तेही आधीच तपासा.

दुसरं, घर पावसात बघा. मे महिन्यात कुठलंही घर देखणंच दिसतं. जुलैत जा, माळ्यावर चढा आणि वाशांची टोकं भिंतीवर टेकतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड वाळवीने किंवा पाण्याने पोखरलंय. फुटकी कौलं बदलता येतात, त्यांना घाबरू नका. जांभ्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग असेल तर मात्र जाणत्या गवंड्याला घेऊन पुन्हा जा.

विहीर तेवढी मे महिन्यातच बघायची.

दुरुस्तीबद्दल घर ठरल्यावर सविस्तर बोलू. आत्ता फक्त कागद, छप्पर आणि पाणी.